न बांधलेलं गोदाम आणि डोंगरातल्या गाई

मुंबईच्या कडेला कुठंतरी एक दुमजली गोदाम आहे. क्षेत्रफळ १,३००.६ चौरस मीटर, म्हणजे १४,००० चौरस फूट. आत वह्या-पुस्तकं, स्टेशनरी असला साधा माल. या गोदामाच्या परवानगीसाठी किती टेबलं फिरावी लागतात, किती दिवस जातात, किती फी भरावी लागते, याची चौकशी वर्षानुवर्षं चालू होती. गोदाम मात्र कधीच बांधलं गेलं नाही, कारण ते जागतिक बँकेच्या प्रश्नावलीत होतं.

'डुइंग बिझनेस' हा बँकेचा वार्षिक अहवाल. व्यवसाय करणं कुठं किती सोपं, याचा क्रमांक लावणारा. त्यासाठी प्रत्येक देशाच्या सगळ्यात मोठ्या व्यापारी शहरात हेच गोदाम आहे असं धरायचं आणि तिथल्या वास्तुविशारदांना, वकिलांना, अभियंत्यांना विचारायचं. भारताचे गुण शेवटी शेवटी दोनच शहरांवरून ठरत: दिल्लीचे ५३ टक्के, मुंबईचे ४७ टक्के. २०१४ साली आलेल्या अहवालात भारत १४२ व्या क्रमांकावर होता, २०१९ च्या अहवालात ६३ व्या. बांधकाम परवान्याच्या रकान्यात तर १८१ वरून एका वर्षात ५२, पुढच्या वर्षी २७. त्या काळात दोन्ही शहरांत अर्ज ऑनलाइन झाले, ना-हरकत दाखल्यांची रांग आखडली. झालं ते बरंच झालं. टेबलाटेबलावर फाइल घेऊन फिरलेल्या माणसाला विचारा.

पण हे करायला सांगितलं कुणी? बँकेनं हुकूम काढलेला नव्हता. तरी पंतप्रधान कार्यालयापासून वॉर्ड ऑफिसपर्यंत सगळे एका काल्पनिक गोदामाकडे तोंड करून उभे राहिले. 'पहिल्या ५० मध्ये यायचं' हे उद्दिष्ट आपलंच, आपणच जाहीर केलेलं. पुढे केंद्रानं तोच फुटपट्टीचा खेळ राज्यांशी मांडला. २०१५ च्या पहिल्या यादीत गुजरात पहिलं आणि महाराष्ट्र आठवा आला, आणि मग मंत्रालयातही धावपळ.

श्रीमंत देश आणि त्यांच्या संस्था गरीब देशांवर सत्ता चालवतात म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते सैन्य, कर्जाच्या अटी, फार तर एखादं कारस्थान. गोदामाच्या गोष्टीत यातलं काहीच नाही, तरी सत्ता आहे. या जातीच्या सत्तेवर विचार करायला एक चांगलं हत्यार मिशेल फुको या फ्रेंच विचारवंतानं दिलं. १९७८ च्या सुरुवातीला पॅरिसमधल्या व्याख्यानांत त्यानं त्याला नाव दिलं 'गव्हर्नमेंटॅलिटी'. भारदस्त मराठी प्रतिशब्द करता येतील, मी इथं 'शासनरीत' म्हणतो.

खरं तर मराठीत यासाठी एक घरगुती शब्द आहेच: वळण. आई मुलाला वळण लावते. म्हणजे काय करते? प्रत्येक वेळी हात धरून करून घेत नाही. 'लोक काय म्हणतील', 'शेजारचा बघ कसा उठतो पहाटे', 'तुझं तूच ठरव' असं करत करत एक दिवस ते पोर कुणी न सांगता पहाटे उठतं आणि वर मला आवडतं म्हणून उठतो असं सांगतं. दुसऱ्याच्या वागण्याला असं वळण लावणं, की तो स्वतःच स्वतःला चालवील, हा फुकोच्या म्हणण्याचा गाभा. शेतात पाण्याला दारं धरणारा माणूस पाणी ढकलत नाही. एक दारं फोडतो, दुसरं बांधतो. पाणी आपल्या मर्जीनंच उताराकडे जातं.

हे नुसतं इतक्यावर सोडलं तर सगळंच त्यात बसवता येईल, म्हणून फुकोचंच एक उदाहरण घेऊ. त्यानं तीन रोगांवरून तीन तऱ्हेच्या सत्ता दाखवल्या, आणि तिन्ही रोग आपल्या ओळखीचे आहेत. कुष्ठरोग झाला की माणसाला गावाबाहेर काढायचं. हा राजाचा जुना न्याय: रेघ मारायची, आतले आत, बाहेरचे बाहेर. प्लेग आला की वेगळं: शहराचे चौकोन पाडायचे, घरोघरी तपासणी करायची, कोण कुठं आहे त्याची नोंद ठेवायची. १८९७ च्या पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरात शिरून केलं ते याच जातीचं, आणि त्याची परिणती काय झाली हे मराठी वाचकाला सांगायला नको. ही शिस्तीची सत्ता. तिसरा रोग देवी. अठराव्या शतकात युरोपात देवी टोचायला लागल्यावर प्रश्नच बदलला. कुठल्या वयात किती मरतात? टोचल्यानं किती दगावतात? किती टक्के टोचले म्हणजे साथ आवाक्यात राहील? इथं एकेक माणूस दिसतच नाही, दिसते ती लोकसंख्या, तिचे दर, तिची सरासरी. लोक जसे वागतात तसे वागू द्यायचं, फक्त आकडा हव्या त्या पट्ट्यात ठेवायचा. शासनरीत म्हणजे प्रामुख्यानं ही तिसरी सत्ता. तिची हत्यारं तलवार आणि तुरुंग नव्हेत, तर आकडेवारी, तज्ज्ञ आणि 'तुमच्याच भल्यासाठी' हे वाक्य.

तिसरी सत्ता आली म्हणून आधीच्या दोन जात नाहीत, असं फुकोनं बजावलं होतं. त्याचे बरेच वाचक ही ओळ विसरतात. पुढे ती लागणार आहे.

फुको बोलला तो जवळजवळ सगळा युरोपबद्दल, वसाहती त्याच्या मांडणीत फारशा नाहीत. त्याची कल्पना देशादेशांच्या नात्याला लावून पाहिली ती नंतरच्या लोकांनी, आणि त्यातलं मला सगळ्यात पटलेलं काम आफ्रिकेतल्या एका चिमुकल्या देशावरचं आहे. जेम्स फर्ग्युसन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं १९९० साली प्रसिद्ध केलेलं.

देशाचं नाव लेसोथो. नकाशात शोधायचा तर दक्षिण आफ्रिकेच्या पोटात बघा, चहूबाजूंनी तोच एक शेजारी. १९६६ साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालेला, डोंगराळ. १९७५ मध्ये जागतिक बँकेनं या देशावर अहवाल लिहिला. त्यातलं चित्र साधारण असं: परंपरेनं पोटापुरती शेती करणारा शेतकरी समाज, आधुनिक अर्थव्यवस्थेचा वारा न लागलेला, तंत्र मागास, बाजार दूर. तेव्हा उपाय काय? रस्ता, बियाणं, पशुसंवर्धन, कृषी प्रशिक्षण.

वाचायला किती ओळखीचं वाटतं! फक्त ते चित्र खरं नव्हतं. लेसोथोतले पुरुष कित्येक पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत मजुरीला जात होते. फर्ग्युसननं दिलेल्या हिशेबानुसार खेड्यातल्या सरासरी घराच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा त्या मजुरीचा होता, शेतातल्या पिकाचा फक्त ६ टक्के. एकोणिसाव्या शतकात हेच लोक शेजारी धान्य विकत होते, किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींपर्यंत. मग बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांशी झालेल्या लढायांत चांगली सुपीक जमीन गेली, डोंगर उरला. म्हणजे 'बाजाराचा वारा न लागलेले शेतकरी' हे प्रत्यक्षात जगातल्या सोन्याच्या मोठ्या खाणींचे कामगार होते आणि त्यांच्या गरिबीचं कारण मागासलेलं बियाणं नसून गेलेली जमीन, खाणीतला पगार आणि वर्णभेदाचे कायदे हे होतं.

बँकेच्या माणसांना हे दिसलं नाही? ती काही मूर्ख नव्हती. फर्ग्युसनचं उत्तर मला फार मार्मिक वाटतं. विकास संस्थेकडे जी हत्यारं असतात, त्यांनी बरा होईल असाच रोग तिला लिहावा लागतो. वर्णभेदी सरकारशी भांडणं हे तिच्या यादीतच नाही. खाणमालकांकडून पगारवाढ मिळवून देणं नाही. रस्ता बांधणं आहे, बियाणं वाटणं आहे. तेव्हा देशाचं वर्णन असं करायचं, की रस्ता आणि बियाणं हेच उत्तर निघावं. डॉक्टरकडे एकच इंजेक्शन असेल तर निदानही तेच निघतं.

या वर्णनावर उभा राहिला थाबा-त्सेका प्रकल्प. पैसा जागतिक बँकेचा आणि कॅनडाचा, काळ १९७५ ते १९८४. त्यातला गाईंचा प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. प्रकल्पाच्या तज्ज्ञांना दिसलं, की डोंगरावर गुरं फार आणि चारा कमी. लोक गुरं विकत का नाहीत? त्यांना बाजाराचं कळत नाही, जनावरांवर आंधळी माया आहे. तेव्हा कुरण बांधा, कुंपण घाला, चांगल्या जातीची थोडी जनावरं पाळणाऱ्यांचा संघ काढा, बाकीच्यांना विकायला शिकवा.

आता गोष्ट घरातून बघा. नवरा खाणीत आहे. त्यानं धाडलेली रोकड घरात आली, की तिला दहा वाटा फुटतात: बायकोचा संसार, पोरांची फी, दुष्काळात दारात आलेला भाऊ. पण त्याच पैशाची गाय घेतली, तर ती त्याची. तो नसताना बायकोला विकता येत नाही आणि तोही फार अडल्याशिवाय विकत नाही. ती गाय कुणाला सांभाळायला, नांगराला दिली, तर गावात मान राहतो. फुप्फुसं खराब करून चाळिशीत घरी परतेल तेव्हा हीच गुरं त्याचा प्रॉव्हिडंट फंड. आपल्याकडे घरातलं सोनं कुणी उठून मोडतं का? 'भाव चांगला आहे, विकून टाका' असं सांगणाऱ्याला आपण काय समजू? तसंच ते. अज्ञानाचा प्रश्नच नव्हता. शिवाय गुरं विकायची नाहीत हा नियम मोडण्यात फायदा कुणाचा, तोटा कुणाचा, यावर घराघरात नवरा-बायकोची ओढाताण होती. प्रकल्पाच्या कागदात 'शेतकरी' हा एकच माणूस होता, तो नवराही नव्हता आणि बायकोही नव्हती.

कुंपणाचं व्हायचं तेच झालं. तारा तोडल्या गेल्या, फाटकं चोरीला गेली, राखीव कुरणात सगळ्यांची गुरं चरली. संघाच्या व्यवस्थापकाचं ऑफिस जळालं. कॅनडाच्या प्रमुख अधिकाऱ्याला जिवाची धास्ती वाटू लागल्याचं बोललं जात होतं. अखेर प्रकल्प गुंडाळला गेला.

इथपर्यंत ही फसलेल्या योजनेची गोष्ट झाली, आणि तशा आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. फर्ग्युसनचा पुढचा प्रश्न वेगळा: फसला तरी मागे राहिलं काय? रस्ता राहिला, राजधानी मासेरूपासून डोंगरापर्यंत. त्यावरून गावचं धान्य बाहेर गेलं नाही, उलट दक्षिण आफ्रिकेचं स्वस्त धान्य आत आलं. थाबा-त्सेका हे नव्या जिल्ह्याचं ठाणं झालं. कचेऱ्या आल्या, पोलीस आले, लष्कर आलं. त्या वेळी सत्तेवर होते लेबुआ जोनाथन, १९७० ची निवडणूक हातची जातेय हे दिसताच राज्यघटना गुंडाळणारे. डोंगरातले लोक त्यांचे विरोधक. तिथं उघडपणे लष्कर घुसवलं असतं तर बोभाटा झाला असता. विकासाच्या नावानं ठाणं बसलं, तर कोण काय बोलणार? हे कुणी आधी ठरवून केलं असं फर्ग्युसन म्हणत नाही, आणि तेच यातलं महत्त्वाचं. कारस्थान करणारा कुणी नसतानाही यंत्र एकच काम चोख करतं: जमीन कुणाची, पगार किती, राज्य कुणाचं, हे भांडणाचे प्रश्न एका बाजूनं आत जातात आणि दुसऱ्या बाजूनं 'प्रशिक्षणाची गरज' होऊन बाहेर पडतात. राजकारण विरघळवणारं यंत्र, असं त्यानं म्हटलंय.

मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी परदेशी देणगीदाराचे अर्ज मराठीतून इंग्रजीत करून देत असे. गावातल्या बैठकीचं टिपण यायचं. एकात बायकांनी एकमुखानं सांगितलं होतं: दारूचं दुकान हलवा, ते कुणाच्या आशीर्वादानं चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. देणगीदाराच्या तक्त्यात याला रकाना नव्हता. होता तो 'नेतृत्व प्रशिक्षण घेतलेल्या महिलांची संख्या'. मी तिथं ४० लिहिले. तेव्हा फर्ग्युसन वाचलेला नव्हता, पण पेन क्षणभर अडलं होतं खरं.

लेसोथोनंतर परदेशी मदतीची आणि कर्जांची तऱ्हा बदलली, आणि शेवटी ती शासनरीतीच्या आणखी जवळ गेली. ऐंशी-नव्वदच्या दशकांतली कर्जं सरळ होती: पैसे हवेत ना, मग अनुदान कापा, चलनाचं अवमूल्यन करा, सरकारी कंपन्या विका. १९९१ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेचं ४६.९१ टन सोनं मुंबईतून विमानानं लंडनला गेलं, त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले. त्यात वळण वगैरे काही नव्हतं, तो सावकारी व्यवहार होता. पण हुकमानं केलेल्या सुधारणा देश मनापासून करत नाहीत, पाठ वळली की सोडतात, असं दिसलं. म्हणून १९९९ पासून गरीब देशांनी कर्जमाफी आणि सवलतीच्या कर्जासाठी आपल्या गरिबी निर्मूलनाचं धोरणपत्र स्वतः लिहावं, जनतेला विचारून लिहावं, असं ठरलं. परवलीचा शब्द 'मालकी': धोरण तुमचं असलं पाहिजे. मात्र ते पत्र जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या संचालक मंडळांपुढे जाणार. परीक्षकाला काय आवडतं हे ठाऊक असलेल्या मुलाला 'मनापासून निबंध लिही' म्हटल्यासारखं. देश कुठलाही असो, निबंध एकसारखे निघत.

आपल्याकडे याची खेड्यापर्यंत पोचलेली आवृत्ती म्हणजे २००३ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं झालेला जलस्वराज्य प्रकल्प. शब्दच बघा: 'मागणी आधारित धोरण', 'लोकवर्गणी', 'लोकसहभाग'. गावानं ग्रामसभेत ठराव करायचा, भांडवली खर्चाच्या १० टक्के वर्गणी काढायची, आदिवासी गावांना ५ टक्के, समिती नेमायची, पाणीपट्टी वसूल करून योजना आपणच चालवायची. आधी सरकारी टाकी कोरडी पडली की तालुक्याला मोर्चा जाई. आता समितीची बैठक बसणार आणि पाणीपट्टी कुणी थकवली ते निघणार. मला यात फक्त वाईट दिसत नाही. वर्गणी दिलेल्या नळाची गाव काळजी घेतं, आणि हिशेब विचारायची सवय लागली तर ती पाण्यापुरती राहत नाही. पण वरच्या अंगाला उसाला किती पाणी जातं, धरणातलं कुणाला किती, हे ठरवणं त्या समितीच्या हातात कधीच नव्हतं. जबाबदारी खाली आली, अधिकार वरच राहिला.

आता या हत्याराची धार कुठं बोथट होते तेही सांगायला हवं, कारण विद्यापीठांत हल्ली जे दिसेल त्याला 'गव्हर्नमेंटॅलिटी' म्हणायची साथ आहे. जोनाथन जोसेफ या ब्रिटिश अभ्यासकाचा आक्षेप वजनदार आहे. शासनरीत चालायला विमा, बँकखातं, शाळा, नियमित पगार, नीट आकडेवारी असं एक जाळं लागतं. ते युरोपात आहे. जिथं सरकारचा हात निम्म्या लोकांपर्यंत पोचत नाही, तिथं सामान्य माणसाला 'स्वतःला चालवायला' कुणी कसं शिकवणार? तो म्हणतो, गरीब देशांत ही रीत लोकांवर चालत नाही, ती त्यांच्या सरकारांवर चालते. क्रमांक लागतो तो देशाचा, गाल लाल होतात ते मंत्र्यांचे. गोदामाच्या गोष्टीत हे अगदी बसतं.

आणि ज्यांना वळण लावायचं, ते काही मातीचे गोळे नसतात. लेसोथोत त्यांनी तारा तोडल्या. आपल्याकडे दोनच शहरांची तपासणी होती, तर परीक्षेला येणारा धडा घोकून घेतला, नाशिक-नांदेडच्या गोदामांचं काय ते कुणी विचारणार नव्हतं. चीनच्या बाबतीत तर पेपर तपासणाऱ्यांवरच दाब आल्याचं निघालं. आकडे सुधारून पाहिले तेव्हा २०१८ च्या यादीत ७८ वा दाखवलेला चीन ८५ वा असायला हवा होता असं बँकेनंच कबूल केलं. सौदी अरेबिया, अमिराती, अझरबैजान यांच्याही आकड्यांत घोळ सापडले. सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेनं तो अहवालच बंद केला. ते गोदाम तेव्हापासून बेवारस आहे.

राहिली फुकोची ती विसरली जाणारी ओळ: जुन्या सत्ता जात नाहीत. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका सहीनं परदेशी मदत ९० दिवस थांबवली. १ जुलैला युसेड ही मदत संस्थाच मिटली. मालकी, सहभाग, क्षमताबांधणी, सगळा शब्दसंग्रह एका सहीत. मार्चमध्ये अमेरिकी संसदेपुढच्या भाषणात त्यांनी लेसोथोचं नाव घेतलं, ते कुणी ऐकलेलंही नाही असा शेरा मारून. २ एप्रिलला देशवार आयातकराची यादी लागली, त्यात लेसोथोवर ५० टक्के, यादीतला सगळ्यात चढा दर.

तो दर कसा काढला? त्या देशाशी असलेली अमेरिकेची व्यापारी तूट घ्यायची, त्याला तिथून येणाऱ्या मालानं भागायचं, आलेल्या आकड्याचं निम्मं करायचं. लेसोथो अमेरिकेला जीन्स आणि हिरे विकतो, अमेरिकेकडून जवळजवळ काही घेत नाही, म्हणून निम्मं करण्याआधीचा आकडा आला ९९ टक्के. जीन्स शिवणारे ते कारखाने २००० सालच्या अमेरिकी कायद्यानं दिलेल्या करमाफीवर उभे राहिले होते. लेसोथोची माणसं अमेरिकेचा माल का घेत नाहीत, याला सूत्रात रकाना नव्हता. जुलैअखेर दर १५ टक्क्यांवर आला. तोवर मासेरूतल्या शिलाई कारखान्यांच्या ऑर्डरी गेल्या होत्या.